लाल दिव्यापुढे गिअर कोठे असावा?

घरातील वाद पुष्कळदा क्षुल्लक गोष्टींवरून सुरू होतात. परंतु त्यांपैकी एखादा वाटतो तितका क्षुल्लक नसतो. अलीकडे आपल्या घरांतून असा एक वाद वारंवार कानी येऊ लागला आहे. ऑटोमॅटिक मोटार चौकातील लाल दिव्यापाशी थांबली, की गिअरचा दांडा 'डी'वरच राहू द्यावा, की न्यूट्रलमध्ये आणावा? वडील म्हणतात, 'न्यूट्रल कर, गाडीला विसावा मिळेल आणि पेट्रोलही वाचेल.' मुलगा म्हणतो, 'बाबा, ही ऑटोमॅटिक आहे, हिच्या गिअरला हात लावण्याचे कारणच नाही.' मागे बसलेली मंडळी मौन धरतात. इतक्यात दिवा हिरवा होतो आणि वाद पुढील चौकापर्यंत तहकूब होतो. या वादाचा निकाल लावण्याचा प्रयत्न आम्ही आज करणार आहोत. कारण दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि जे तथ्य नाही ते मात्र धोक्याचे आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील लोकांचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या पांढुर्णा-सौसर भागाचेच पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. कचेरीची कामे आता घराजवळ होतील. परंतु मोठे रुग्णालय, मुलांचे महाविद्यालय, लग्नाचा बस्ता आणि संत्र्याचा बाजार यांसाठी आपली पावले नागपूरकडेच वळतात. १९५६ पर्यंत तर नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. पांढुर्ण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४७ धरावा, किंवा सौसरहून छिंदवाडा-नागपूर रस्ता धरावा. दोन-तीन तासांच्या आत माणूस नागपूरच्या चौकात उभा असतो. गावात महिनोन्‌महिने ज्याला लाल दिव्यापुढे थांबण्याचा प्रसंग येत नाही, त्याला तेथे एका दमात दहा-वीस दिवे लागतात. सवय नाही, मागून भोंगे वाजत आहेत, शेजारून दुचाक्या घुसत आहेत, अशा वेळी गिअरचा दांडा कोठे असावा हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

त्यात आणखी एक भर पडली आहे. पुणे, हैदराबाद किंवा परदेशी नोकरीस असलेली मुले आपल्या आईवडिलांना हौसेने ऑटोमॅटिक मोटार घेऊन देतात. क्लच दाबून वडिलांचा गुडघा दुखतो, ही त्यांची काळजी योग्यच आहे. परंतु ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे ॲम्बॅसडर, फियाट, जीप किंवा मारुती चालविली, त्याचे हातपाय त्या यंत्राच्या शिस्तीत मुरलेले असतात. नवी गाडी एका दिवसात दारात येते, पण नवी सवय लागण्यास वेळ लागतो. इंदूर, जबलपूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरीही हीच स्थिती असणार.

जुनी सवय चुकीची होती असे मात्र नाही. हाताच्या गिअरच्या गाडीत चौकात थांबताना दोनच मार्ग असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून धरावा, किंवा न्यूट्रल करून क्लच सोडावा. पहिल्या मार्गाने क्लचचे बेअरिंग विनाकारण झिजते, पाय दुखतो आणि क्लचवरून पाय निसटला तर गाडी हिसक्यासरशी पुढे जाते. म्हणून 'थांबलास की न्यूट्रल कर' हा जुन्या उस्तादांचा उपदेश त्या गाडीपुरता अगदी बरोबर होता. आता प्रश्न इतकाच, की जिच्यात क्लचचा पेडलच नाही त्या गाडीला तो लागू पडतो का?

याचे उत्तर गाडीच्या पोटात आहे. मूळच्या ऑटोमॅटिक गाडीत एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचच्या चकतीऐवजी तेलाने भरलेले एक बंद पात्र असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात समोरासमोर दोन पंखे असतात. एक एंजिनाबरोबर फिरतो आणि तेल दुसऱ्यावर फेकतो. त्या तेलाच्या जोराने दुसरा फिरू लागतो आणि चाकांना गती मिळते. जर्मनीतील हेर्मान फॉटिंगर या अभियंत्याने १९०५ मध्ये ही कल्पना जहाजांसाठी मांडली. १९३९ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाची स्वयंचलित गिअरपेटी जाहीर केली, तीत अशाच तेलाच्या जोडणीचा उपयोग केला होता. तेव्हापासून ऑटोमॅटिक मोटार सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागली.

या रचनेचा गुण असा, की एंजिन चालू असताना गाडी 'डी'वर ठेवून ब्रेक दाबला तरी काही मोडत नाही. पहिला पंखा फिरत राहतो, दुसरा थांबतो, मधले तेल घुसळले जाते. ब्रेक सैल केला की गाडी आपोआप हळूहळू सरकू लागते. आपल्या भागातील वाचकांना बैलगाडीचा दाखला अधिक पटेल. बैल जुंपलेले आहेत, त्यांना चालण्याची ओढ आहे, पण गाडीवानाने कासरा आवळून धरला आहे. 'डी'वर ब्रेक दाबून उभी असलेली मोटार ती हीच. न्यूट्रल म्हणजे बैल सोडून गाडी तशीच उभी करणे. आणि 'पी' म्हणजे चाकाखाली दगड लावणे. त्या स्थितीत गिअरपेटीतील लोखंडाची एक लहानशी खिट्टी दात्यात अडकते आणि पेटी जखडली जाते.

आता वडिलांच्या म्हणण्यातील तथ्य पाहू. 'डी'वर उभ्या असलेल्या गाडीत एंजिनाला तेल घुसळण्याचे काम करावे लागते. त्यामुळे न्यूट्रलपेक्षा पेट्रोल किंचित अधिक जळते आणि तेल थोडे तापते. हे खरेच आहे. परंतु किती? लहान पेट्रोल मोटारीचे एंजिन उभ्याउभ्या साधारणतः तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. नागपूरच्या एका फेरीत वीस चौकांत प्रत्येकी एक मिनिट थांबावे लागले असे धरले, तर एकूण वीस मिनिटे होतात; म्हणजे सारा खर्च १७० ते ३३० मिलिलिटरच्या घरात. न्यूट्रल केल्याने हा सारा खर्च वाचत नाही, कारण एंजिन चालूच असते. वाचतो तो त्यातील एक लहानसा हिस्सा. शिवाय अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबून उभे राहिल्यास गिअरपेटी स्वतःच आतल्या आत तो भार हलका करते. तेव्हा वीस वेळा दांडा मागेपुढे करून पदरात पडते ते थोडे चमचे पेट्रोल.

बचतच करावयाची असेल तर तिचा राजमार्ग वेगळा आहे, आणि तो एंजिन बंद करण्याचा. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिव्यापाशी गाडी बंद ठेवण्याची मोहीम शासनाने काढली होती, ती प्रदूषणासाठी. पण त्यामागील हिशेब हाच होता. चौकातील आकडा साठाच्या वर दिसत असेल तर एंजिन बंद केल्याने जे वाचते ते न्यूट्रलने कधीच वाचणार नाही. काही नव्या गाड्या हे काम स्वतःच करतात. ब्रेक दाबून थांबले की एंजिन बंद होते आणि पाय उचलला की सुरू होते. अशा गाडीत 'डी'वरून दांडा हलविण्याचे कारणच उरत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली जातात. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि तिच्याबरोबर एएमटी हा प्रकार मध्यमवर्गीय घरांत शिरला. एएमटी म्हणजे मुळात जुनीच हाताच्या गिअरची पेटी आणि जुनाच चकतीचा क्लच. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. या गाडीत 'डी'वर ब्रेक पुरता दाबला की यंत्र क्लच सोडवून ठेवते, त्यामुळे तेल घुसळण्याचा प्रश्नच नसतो. परंतु ब्रेक अर्धवट दाबून गाडी इंचाइंचाने सरकू दिली, किंवा चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली, तर क्लचची चकती घासत राहते व जळते. दुहेरी क्लचच्या गाड्यांनाही हाच नियम. सीव्हीटी नावाच्या ज्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यांना वर सांगितलेला तेलाचा न्याय लावावा. विजेच्या मोटारीत उभे असताना एंजिन फिरतच नसल्याने तेथे 'डी' काय आणि न्यूट्रल काय, खर्चात फरक पडत नाही. तेव्हा वाद घालण्यापूर्वी आपल्या दारातील गाडी कोणत्या जातीची आहे ते तिच्या पुस्तिकेत पाहावे. ही पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली झाकलेली असते.

खर्चाचा विचार झाला. आता जिवाचा विचार करू, कारण या वादात खरोखर पणाला लागते ते तेच. चौकात न्यूट्रल केलेल्या गाडीत पुढे काय घडते ते पाहा. दिवा हिरवा होतो. मागचा भोंगा वाजवितो. चालकाच्या ध्यानात नसते की गाडी न्यूट्रलमध्ये आहे. तो ॲक्सिलरेटर दाबतो. एंजिन गर्जते, गाडी हलत नाही. तो गोंधळून अधिक दाबतो, आणि मग चूक उमगून दांडा घाईने 'डी'वर ओढतो. एंजिन जोरात फिरत असताना गिअर पडतो आणि गाडी उडी घेतल्यासारखी पुढे जाते. पुढे सायकलवाला असतो, किंवा दिवा बदलला तरी रस्ता ओलांडणारी एखादी म्हातारी असते. आणि घाईतला तो हात 'डी'ऐवजी 'आर'कडे गेला, तर मागच्या दुचाकीवर बसलेल्यांची जी गत होईल ती सांगावयास नको.

कित्येक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलत नाही, पण सर्वच गाड्यांत आणि सर्वच स्थितींत ही सोय असते असे नाही. गोंधळ होतो हे मोटार बनविणाऱ्यांनाही ठाऊक आहे. अमेरिकेत जुन्या काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या दांड्यांचा क्रम निरनिराळा असे, आणि काहींत पुढे जाण्याच्या गिअरला लागूनच मागे जाण्याचा गिअर असे. शेवटी तेथील सरकारला नियम करावा लागला, की पुढील व मागील गिअरांच्या मध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे. हाताची चूक होणारच हे गृहीत धरून केलेला तो नियम आहे. मग जेथे हात हलविण्याची गरजच नाही, तेथे तो प्रत्येक चौकात दोनदा हलवून चुकीला निमंत्रण का द्यावे?

दुसरीही बाजू आहे. 'डी'वर गाडी ठेवावयाची तर पाय ब्रेकवर ठाम असला पाहिजे. फोन उचलण्यासाठी वाकले, मागच्या आसनावरच्या नातवाकडे वळले, आणि पायाचा दाब सैल झाला, की गाडी सरकते. म्हणून 'डी' हे दक्ष माणसाचे आसन आहे. ज्या गाडीत थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवण्याची सोय आहे तेथे तिचा उपयोग करावा. महामार्गावर रांगेत आपली गाडी शेवटची असेल, त्यातून रात्र असेल, तर पाय ब्रेकवर ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. मागचा लाल दिवा जळत राहतो आणि संत्र्याचा ट्रक घेऊन भरधाव येणाऱ्याला आपण उभे आहोत हे दुरून कळते.

मग न्यूट्रलला काही स्थान नाही काय? आहे, आणि ते लांब थांब्याच्या वेळी. आपल्या भागात असा थांबा म्हणजे रेल्वेचे फाटक. पांढुर्णा हे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरील स्थानक. तेथून गाड्यांची ये-जा अखंड चालते. सौसरच्या मार्गावरील नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि आता तेथे ब्रॉडगेज धावते. जेथे पूल झाले तेथे सुटका झाली; पण जेथे फाटक अजून आहे, तेथे एक गाडी गेली की दुसरीची वाट पाहावी लागते आणि पाच-दहा मिनिटे सहज जातात. इतका वेळ ब्रेक दाबून बसणे पायालाही नको आणि गाडीलाही नको. तेथे हँडब्रेक पूर्ण ओढावा, दांडा 'पी'वर न्यावा आणि एंजिन बंद करावे. मे महिन्यात नागपूरच्या कोंडीत, बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत वातानुकूलन चालू, अशा वेळी एंजिन बंद करणे शक्य नसेल तर हँडब्रेक लावून न्यूट्रल करावे. त्याने तेलाचे तापणे कमी होते. एएमटीतही लांब थांब्याला न्यूट्रल आणि हँडब्रेक हेच योग्य.

परंतु हँडब्रेकशिवाय न्यूट्रल कधीही नको. रुळांकडे जाणारा रस्ता बहुधा चढाचा असतो. न्यूट्रलमधील गाडी तेथे मागे घरंगळते, आणि चालक उतरून गाडी येताना पाहत उभा असतो, मुले आत असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक चालक आपल्या आसनावर असला पाहिजे. नसेल तर यंत्र बंद असून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला असला पाहिजे. म्हणजे एंजिन चालू ठेवून 'जरा चहा घेऊन येतो' म्हणणे कायद्यालाही मंजूर नाही. आणखी एक सूचना: बहुतेक एएमटी गाड्यांना 'पी' नसतो. त्या उभ्या करून उतरताना पुस्तिकेतील क्रमाने गिअरमध्ये ठेवूनच एंजिन बंद करावे आणि हँडब्रेक पूर्ण ओढावा. न्यूट्रलमध्ये सोडलेली अशी गाडी केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.

न्यूट्रलची जुनी आवड आपल्या भागात आणखी एका ठिकाणी प्रकट होते, आणि तेथे ती प्राणघातक आहे. छिंदवाड्याहून सौसरकडे येताना सिल्लेवानी घाट उतरावा लागतो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचविण्याचा परिपाठ जुन्या चालकांत होता. कार्बोरेटरच्या एंजिनात त्याने थोडे पेट्रोल वाचतही असे. आजच्या एंजिनात गणित उलटे झाले आहे. उतारावर गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच एंजिनाला फिरवितात आणि पेट्रोलचा पुरवठा आपोआप तोडला जातो. न्यूट्रल केले तर एंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे बचत तर नाहीच, उलट एंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक वळणावर दगा देतात. घाटात 'डी'सुद्धा पुरेसा नसेल तर 'एल', '२' किंवा हाताने गिअर निवडण्याची जी सोय असेल ती वापरून खालच्या गिअरमध्ये उतरावे.

याच्या उलट प्रसंग गर्दीचा. शनिवारी जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला निघालेली रांग, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या रस्त्यांवर लोटणारा समुदाय. अशा ठिकाणी गाडी दहा पावले चालते आणि थांबते. तेथे दांड्याला हात लावू नये. उजवा पाय ब्रेकवर, पुढच्या गाडीपासून थोडे अंतर, आणि अंतर वाढले की एकदाच पुढे जाऊन पुन्हा पुरते थांबावे. सतत इंचाइंचाने सरकण्यापेक्षा हे माणसांना सुरक्षित आणि क्लचला हितकारक आहे.

शेवटी मुलांना एक सांगणे आहे. गाडी घेऊन दिली, किल्ली हातात ठेवली, फोटो काढले आणि तुम्ही नोकरीच्या गावी परतलात, एवढ्याने कर्तव्य संपत नाही. रिकाम्या मैदानावर दोन-चार सकाळी वडिलांबरोबर बसा. डावा पाय संपूर्ण विसरावयाचा आहे हे त्यांना वारंवार करून दाखवा. क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबला जाणे ही नवशिक्याची पहिली चूक असते. एंजिन गर्जले आणि गाडी हलली नाही, तर प्रथम पाय उचलावयाचा, मग ब्रेक दाबावयाचा, आणि मगच दांड्याकडे पाहावयाचे, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पाडा. हे शिकविताना 'बाबा, तुम्हाला कळत नाही' असे मात्र म्हणू नका. ज्यांनी धुळीच्या रस्त्यांवरून तुम्हाला शाळेत आणि दवाखान्यात पोहोचविले, त्यांचे हात अजाण नाहीत. ते दुसऱ्या यंत्राशी इमान राखून आहेत.

आणि वडीलधाऱ्यांना आमची विनंती इतकीच, की चौकातील मिनिटभराच्या थांब्याला गाडी 'डी'वरच असू द्यावी आणि पाय ब्रेकवर पक्का असू द्यावा. थांबा लांबला तर हँडब्रेक ओढून 'पी' करावा आणि एंजिन बंद करावे. उतारावर न्यूट्रलचे नाव काढू नये. नागपूरच्या पुढील फेरीला निघण्यापूर्वी हे तिन्ही नियम एकदा गाडीत बसणाऱ्या सर्वांना वाचून दाखवावेत, म्हणजे मागच्या आसनावरील मंडळींनाही मौन सोडून योग्य वेळी आठवण करून देता येईल.